समुद्र घरांत आणावा काय ?

अलीकडे सधन घरांच्या दिवाणखान्यांतून एक नवी शोभा दृष्टीस पडूं लागली आहे. पूर्वीं काचेच्या लहानशा भांड्यांत दोन सोनेरी मासे फिरत असत. आतां त्या जागीं पांच-सहा फूट लांबीची टाकी, तींत खारें पाणी, आणि त्या पाण्यांत नारिंगी, निळे, पिवळे असे समुद्रांतील मासे येऊं लागले आहेत. मुलांना याचें विलक्षण आकर्षण वाटतें. 'आपल्याहि घरीं असा समुद्र हवा' असा हट्ट तीं धरतात, आणि हौशी वडील मंडळी तो पुरवूं पाहतात. हा हट्ट पुरवावा काय, आणि पुरवावयाचा झाल्यास कोणत्या अटींवर, याविषयीं विद्यार्थी व पालक या उभयतांसाठीं चार विचार मांडावे, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रारंभींच आपलें मत सांगून टाकतों. खाऱ्या पाण्याचें मोठें मत्स्यालय उभारणें म्हणजे दीर्घ मुदतीचें एक कर्तव्य अंगावर घेणें होय. ज्या घराची तें कर्तव्य दहा-पंधरा वर्षें पार पाडण्याची तयारी असेल, त्यानें तें अवश्य उभारावें. मुलांच्या शिक्षणाच्या दृष्टीनें त्याच्या तोडीची दुसरी शाळा क्वचितच सांपडेल. परंतु ज्यास केवळ भिंतीची शोभा हवी असेल, त्यानें एखादें सुंदर चित्र लावावें. चित्रास भूक लागत नाहीं, आणि वीज गेली म्हणून तें गुदमरतहि नाहीं.

या हौसेचा इतिहास फार जुना नाहीं, पण तो मोठा बोधप्रद आहे. इ. स. १८४६ मध्यें ॲना थिन नांवाच्या एका इंग्रज बाईनें इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरून कांहीं जिवंत प्रवाळें लंडनला आणलीं. तिचे पति धर्मोपदेशक असून वेस्टमिन्स्टर ॲबे या प्रख्यात मंदिराचे अधिकारी होते. लंडनांत समुद्राचें ताजें पाणी वारंवार आणणें कष्टाचें होतें. तेव्हां आहे तेंच पाणी निकोप राखण्यासाठीं तिची मोलकरीण उघड्या खिडकीपाशीं उभी राहून तें एका भांड्यांतून दुसऱ्या भांड्यांत पुनःपुन्हा ओतीत असे, म्हणजे हवा पाण्यांत मिसळे. पुढें बाईंनीं त्यांत समुद्रांतील वनस्पति ठेवल्या, आणि तीं प्रवाळें त्या धुरकट शहरांत दीर्घकाळ जगलीं. त्या मोलकरणीचें नांव पुस्तकांतून सहसा येत नाहीं. परंतु जगांतील पहिल्या खाऱ्या मत्स्यालयांपैकीं एक तिच्या दोन हातांवर चालत होतें, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. या गोष्टीकडे आपण पुढें पुन्हा वळूं.

इ. स. १८५० मध्यें रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानें एक प्रयोग प्रसिद्ध केला. मासे, पाणवनस्पति आणि कुजलेलीं पानें खाणाऱ्या गोगलगाई हीं तिन्हीं एकत्र ठेविलीं असतां पाणी पुष्कळ काळ स्वच्छ राहतें, असें त्यानें दाखविलें. एकाचा मळ तें दुसऱ्याचें अन्न, हा सृष्टीचा क्रम काचेच्या भांड्यांतहि चालतो, हें त्यावरून लोकांस कळलें. इ. स. १८५३ मध्यें लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयांत पहिलें सार्वजनिक मत्स्यालय उघडलें. त्याच्या उभारणींत फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञाचा मोठा हात होता. पुढल्याच वर्षीं, १८५४ सालीं, त्याचा 'दि ॲक्वेरियम' हा ग्रंथ निघाला आणि तो शब्द घरोघर झाला.

गॉस हा अत्यंत श्रद्धाळू ख्रिस्ती होता. समुद्रफुलाच्या प्रत्येक पाकळींत त्यास सृष्टिकर्त्याचा हात दिसे, आणि तो आनंद सर्वांस लाभावा म्हणून तो लिहीत असे. परिणाम मात्र विपरीत झाला. त्याचीं पुस्तकें वाचून हौशी लोकांच्या झुंडीच्या झुंडी हातोड्या, छिन्न्या व बरण्या घेऊन किनाऱ्यावर लोटल्या. खडकांतील जीं डबकीं शतकानुशतकें कोणी हालविलीं नव्हतीं, तीं कांहीं वर्षांत ओसाड झालीं. त्याचा पुत्र एडमंड गॉस यानें १९०७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या आत्मचरित्रपर ग्रंथांत या नाशाची हकीकत दुःखानें लिहिली आहे. आपल्या ग्रंथांची लोकप्रियताच या अनर्थास कारण झाली, हें वडिलांनाहि कळून चुकलें होतें व त्याचा त्यांस खेद झाला होता, असें तो सांगतो. पालकहो, येथें दुष्टपणा कोणाचाच नव्हता. सृष्टीवर प्रेम करणाऱ्यांच्या हातूनच सृष्टीची हानि झाली. म्हणून 'आमचा हेतु चांगला आहे' एवढें म्हणून आपलीहि सुटका होणार नाहीं.

आतां प्रत्यक्ष उभारणीकडे वळूं. शुभवर्तमानांत बुरूज बांधूं इच्छिणाऱ्या मनुष्याचा दाखला आहे. शहाणा मनुष्य आधीं बसून खर्चाचा हिशेब करतो, नाहींतर पाया घालून काम अर्धवट राहतें आणि लोक हंसतात. आपणहि तसा हिशेब करूं, आणि तो केवळ रुपयांचा नको.

समजा, सहा फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट उंच अशी टाकी करावयाची आहे. तींत २४ घनफूट, म्हणजे सुमारें ६८० लिटर पाणी मावेल. समुद्राचें पाणी गोड्या पाण्याहून किंचित् जड असतें. तेव्हां नुसत्या पाण्याचें वजन सुमारें ७०० किलो झालें. जाड काच, दगड, वाळू व खालील घडवंची धरल्यास सर्व भार एक टनाच्या आसपास जातो. राहत्या घराच्या जमिनीवर दर चौरस मीटरास सुमारें २०० किलो भार येईल असें धरून आपल्याकडे इमारती बांधतात. ही टाकी जमिनीचा सुमारें १.१ चौरस मीटर भाग अडविते, म्हणजे तेथें त्याच्या चौपटीहून अधिक भार पडतो. म्हणून वरच्या मजल्यावर राहणाऱ्यानें इंजिनियरास विचारल्याखेरीज टाकी मांडूं नये, आणि मांडावयाची ती भिंतीलगत, तुळईच्या आधारावर मांडावी. 'शेजाऱ्यांच्या घरीं आहे, कांहीं झालें नाहीं' हें उत्तर गणिताच्या तासाला चालत नाहीं, आणि खालच्या मजल्यावरील कुटुंबाच्या डोक्यावर तर तें मुळींच चालूं नये.

येथें कोणी म्हणेल, मग लहान टाकी करावी. पण या विद्येंत लहानपण हेंच संकट आहे. थोडें पाणी लवकर तापतें, लवकर आटतें, आणि एक मासा मरून राहिला तरी सगळें नासतें. मोठ्या पाण्यांत हेच फेरफार सावकाश होतात व माणसास सांवरावयास अवधि मिळतो. तेव्हां नवशिक्यानें काटकसर करावी ती पाण्यांत करूं नये, माशांच्या संख्येंत करावी. पाणी पुष्कळ आणि मासे मोजके, हा नियम पाळला तर निम्मीं दुःखें टळतात.

पाणी कोठून आणावें ? मोठ्या शहरांलगतचें समुद्राचें पाणी गटारांमुळें व तेलामुळें दूषित असतें. स्वयंपाकघरांतील मीठ गोड्या पाण्यांत कालवूनहि समुद्र होत नाहीं. कारण समुद्रांत साध्या मिठाखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम इत्यादींचे क्षार ठराविक प्रमाणांत असतात. यासाठीं तयार मिश्रण मिळतें. तें गाळून शुद्ध केलेल्या पाण्यांत दर लिटरास सुमारें ३५ ग्रॅम क्षार होतील अशा बेतानें विरघळवावें लागतें. आपल्या टाकीस त्याचे सुमारें २४ किलो लागतील. टाकींतील पाणी रोज थोडें आटतें, परंतु पाण्याची वाफ होतांना क्षार मागेंच राहतात. म्हणून आटलेल्या पाण्याच्या जागीं गोडेंच पाणी घालावयाचें. खारें घातलें तर टाकी दिवसेंदिवस अधिक खारट होत जाते. भूगोलाच्या पुस्तकांतील मृत समुद्राचा धडा मुलांस येथें प्रत्यक्ष पाहावयास मिळतो.

उष्णतेचाहि विचार हवा. प्रवाळांच्या सागरांतील माशांना २४ ते २६ अंश सेल्सियस उष्णता मानवते. आपल्या वैशाखांत बंद खोलींतील पाणी सहज ३० अंशांच्या वर जातें, आणि पाणी जितकें तापावें तितका त्यांत प्राणवायु कमी राहतो. तेव्हां पाणी थंड राखण्याचें यंत्र लागतें, पाणी हालतें ठेवणारे पंप लागतात, फेंसाबरोबर घाण काढून टाकणारें यंत्र लागतें. आणि हीं सर्व विजेवर चालतात. वीज गेली असतां हवा देणारें, बॅटरीवर चालणारें साधन ज्या घरीं नाहीं, त्या घरीं एका रात्रींत सगळा संसार बुडूं शकतो.

परंतु या सर्वांपेक्षां मोठा खर्च आहे तो धीराचा. टाकी भरली, दिवे लागले, पाणी आरशासारखें स्वच्छ झालें, कीं मुलें म्हणतात, 'आतां मासे आणूं या.' नेमकी हीच घातवेळ होय. माशांच्या मळापासून अमोनिया नांवाचें विष उत्पन्न होतें, आणि समुद्राच्या अल्कधर्मी पाण्यांत तें विशेष तीव्र असतें. एक प्रकारचे सूक्ष्म जीवाणू त्या अमोनियाचें नायट्राइट करतात, तेंहि अपायकारकच. दुसरे जीवाणू त्याचें नायट्रेट करतात; तें पुष्कळ सौम्य असून पाण्याचा कांहीं भाग ठराविक दिवसांनीं बदलला म्हणजे आटोक्यांत राहतें. हे जीवाणू दगडांवर व वाळूंत पुरेसे वाढण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. तोंवर टाकी रिकामी दिसते. पण ती रिकामी नसते. डोळ्यांस न दिसणारे सेवक आपली वसाहत तेथें वसवीत असतात. ज्यास तोंवर धीर धरवत नाहीं, तो जणूं विषाच्या पेल्यांत मासे सोडतो. आठवड्याभरांत ते मरतात, आणि तो पुन्हा दुकानांत जाऊन दुसरे आणतो.

आतां या प्रश्नाच्या मर्माकडे येऊं. ते दुसरे मासे येतात कोठून ? गोड्या पाण्यांतील शोभेचे मासे बहुतेक तळ्यांत व हौदांत पैदा केलेले असतात. समुद्रांतील शोभेच्या माशांच्या बहुसंख्य जाति मात्र अजूनहि प्रवाळांच्या खडकांतूनच पकडून आणाव्या लागतात. फिलिपाइन्स बेटांत १९६० नंतरच्या दशकापासून हे मासे पकडण्यासाठीं सायनाइड हें जहाल विष पाण्यांत फवारण्याची रीत पडली. त्यानें मासा गुंगतो व हातीं लागतो. पण आसपासचीं प्रवाळें मरतात, आणि पकडलेल्या माशांपैकींहि पुष्कळ पुढें दगावतात. दुकानांतील काचेआड जो मासा आपणांस गोजिरवाणा दिसतो, त्याच्यामागें असा एखादा मेलेला खडक असणें शक्य आहे. विकत घेणाऱ्यानें डोळे मिटले म्हणून तो खडक जिवंत होत नाहीं.

आपल्या देशांत कायद्यानेंहि याची दखल घेतली आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचींत २००१ सालीं कठीण प्रवाळें व समुद्रघोडे यांचा समावेश झाला. तेव्हां मालवणच्या किंवा रामेश्वरच्या सहलींत कोणी हातीं प्रवाळाचा तुकडा ठेवला, अथवा दुकानदारानें 'खास तुमच्यासाठीं' म्हणून समुद्रघोडा काढून दाखविला, तर तो घेणें हा गुन्हा आहे हें मुलांनींहि जाणावें.

सुदैवानें दुसरा मार्ग आहे. विदूषक-मासा या नांवानें ओळखला जाणारा नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा मासा बंदिवासांत अंडीं घालतो. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनें त्याच्या अनेक जातींची पैदास यशस्वीपणें केली आहे. असे पैदास केलेले मासे टाकीस व माणसाच्या हातच्या अन्नास सरावलेले असतात. याच्या उलट कांहीं फुलपांखरू-मासे जिवंत प्रवाळांवांचून दुसरें कांहींच खात नाहींत. ते घरीं आणणें म्हणजे त्यांस उपाशी मारणें होय. म्हणून माझी अट अशी कीं, मासा कोठें जन्मला हें जो दुकानदार सांगूं शकत नाहीं, त्याच्याकडून मासा घेऊं नये. मग टाकींत विदूषक-माशांची एकच जोडी राहिली तरी चालेल. त्या जोडींत पाहण्यासारखें पुष्कळ आहे. हे मासे प्रथम सर्वच नर असतात. गटांतील सर्वांत बलिष्ठ तेवढा मादी बनतो, आणि ती मेली तर तिच्या खालोखालचा नर मादी होतो. जीवशास्त्राचा असा धडा फळ्यावर शिकवितां येत नाहीं.

यावर दोन बाजूंनीं आक्षेप येतात. कोणी म्हणतात, समुद्र अफाट आहे, दोन-चार मासे उचलल्यानें त्याचें काय उणें होणार ? गॉसच्या काळींहि प्रत्येक जण आपलीच एक बरणी मोजत होता. खडकांनीं मात्र सगळ्यांच्या बरण्या मोजल्या. उलट पक्षीं कांहीं कोमल अंतःकरणाचे लोक म्हणतात, जीवास कोंडणें हेंच पाप, तेव्हां मत्स्यालय असूंच नये. त्यांच्या भावनेविषयीं मला आदर आहे, परंतु मत मान्य नाहीं. समुद्राखालचें जग आपल्यांतील बहुतेकांस कधींच दिसणार नाहीं, आणि जें कधीं पाहिलेंच नाहीं त्याची चाड कोणास वाटणार ? मुंबईचें तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालीं उघडल्यापासून किती पिढ्यांच्या मुलांनीं तेथील काचेस नाक लावून समुद्राची पहिली ओळख करून घेतली असेल ! मनुष्यास सृष्टीवर अधिकार दिला तो कारभाऱ्याचा, अशी आमची ख्रिस्ती लोकांची श्रद्धा आहे. आणि ज्यांचा धर्म निराळा आहे त्या आमच्या विद्यार्थ्यांच्या घरींहि ठेव सांभाळण्याची शिकवण हीच आहे. कारभाऱ्यानें धन्याच्या वस्तूस हात लावूं नये असें नाहीं. त्यास हिशेब द्यावा लागतो, इतकेंच.

हिशेबाची गोष्ट निघाली म्हणून त्या मोलकरणीकडे पुन्हा वळतों. आपल्याकडे पहिले तीन महिने मालक स्वतः टाकीपुढें बसतो. पुढें नवलाई ओसरते. खाणें घालण्याचें काम गड्याकडे, पाणी बदलण्याचें काम महिन्यानें येणाऱ्या माणसाकडे, आणि पाहुण्यांपुढें मिरविण्याचें काम तेवढें मालकाकडे राहतें. असें होणार असेल तर मुलांच्या शिक्षणाचें नांव घेऊं नये. मुलगा शिकतो तो पाण्याचा खारेपणा स्वतः मोजून, आंकडा वहींत लिहून आणि ओल्या हातांनीं काच पुसून. परीक्षा असो कीं सुट्टी असो, सकाळीं उठल्याबरोबर ज्यास दुसऱ्या जीवाची आठवण होते, त्याचें शिक्षण कांहीं प्रमाणांत तरी पुरें झालें असें मी समजतों.

निष्ठेपुढें टाकीचा आकार किती गौण आहे, याचें एक उदाहरण सांगतों. स्कॉटलंडमध्यें सर जॉन डॅलिएल या गृहस्थानें १८२८ सालीं नॉर्थ बेरिक येथील किनाऱ्यावरून एक समुद्रफूल आणून काचेच्या लहानशा बरणींत ठेविलें. पंप नव्हते, वीज नव्हती; वेळोवेळीं समुद्राचें ताजें पाणी आणून घालावयाचें, एवढाच उपाय. डॅलिएल १८५१ सालीं वारले. परंतु बरणी दुसऱ्या शास्त्रज्ञाकडे गेली, त्यांच्यामागून तिसऱ्याकडे. लोक त्या समुद्रफुलास कौतुकानें 'आजी' म्हणत. ती आजी १८८७ पर्यंत, म्हणजे माणसाच्या हातीं ५९ वर्षें जगली. मला वाटतें, लक्षावधि रुपयांच्या कित्येक टाक्यांपेक्षां त्या बरणीचा मान मोठा आहे.

तेव्हां पालकांस माझें सांगणें असें. घर भाड्याचें असेल, बदलीची नोकरी असेल, किंवा घरांतील एकाहि वडील माणसास या कामाची मनापासून आवड नसेल, तर नुसत्या मुलाच्या हट्टाखातर टाकी घेऊं नये. तो मुलगा चार-पांच वर्षांनीं कॉलेजांत जाईल. विदूषक-मासा मात्र वीस वर्षांहून अधिक जगल्याचीं उदाहरणें आहेत. आणि टाकी बंद करण्याची वेळ आलीच, तर त्यांतील जीव जवळच्या समुद्रांत किंवा खाडींत सोडूं नयेत. परके जीव व त्यांचे रोग तेथील जीवांस घातक होतात. ते दुसऱ्या जाणत्या पालनकर्त्याच्या स्वाधीन करावे.

आणि विद्यार्थिमित्रहो, ज्यांच्या घरीं टाकी येणार नाहीं त्यांनीं खट्टू होऊं नये. परमेश्वरानें बांधलेलीं मत्स्यालयें कोंकणच्या किनाऱ्यावर दर ओहोटीस उघडीं होतात, आणि तेथें तिकीट लागत नाहीं. अमावास्येच्या व पौर्णिमेच्या सुमारास, पाणी फार मागें हटतें तेव्हां, भरतीची वेळ नीट विचारून घेऊन एखाद्या वडील माणसाबरोबर खडकांत जावें. डबक्यापाशीं दहा मिनिटें स्तब्ध बसावें, म्हणजे शंखांतला खेंकडा चालूं लागेल व मिटलेलें समुद्रफूल उमलेल. उचललेला दगड होता तसा परत ठेवावा, आणि घरीं आणावयाची ती फक्त वही. ज्यांच्या घरीं टाकी येईल त्यांनींहि पहिल्या सहा आठवड्यांची, मासे नसलेल्या टाकीची अशी एक वही ठेवावी. पुढील वर्षीं दोन्ही प्रकारच्या वह्या या वार्षिकासाठीं आल्या, तर त्यांतील निवडक पानें छापण्याची शिफारस मी संपादकांकडे आनंदानें करीन.